न वाचलेला पंचनामा

माझ्या पुस्तिकेची प्रुफं बाबांनी परत दिली तेव्हा अकराव्या पानावर लाल पेनाची एकही खूण नव्हती. बाकीची पानं नेहमीसारखी रक्तबंबाळ होती. अकराव्यावर ‘न्यायाधीश’ हा शब्द दोन ठिकाणी चुकीचा छापला गेला होता आणि एक ओळ चक्क दोनदा आली होती. चालत्या रिक्षातून भिंतीवरच्या घोषणेतली चूक पकडणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीपर्यंत युनियनचं काम करत होते. आमच्या डोंबिवलीच्या घरात गोष्टीची पुस्तकं उशिरा आली, पत्रकं आधी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीवरून. हातात पडल्याबरोबर मथळा दिसेल अशी पत्रकाची घडी कशी घालायची, हे मला शाळेत जायच्या आधी येत होतं. पुढे मी स्वतः लिहायला लागले तेव्हा बाबा माझे पहिले वाचक झाले आणि एकमेव प्रूफवाचक.

घरात एक नियम होता. वाचल्याशिवाय सही नाही. माझ्या जन्माच्या आधी त्यांच्या कारखान्यात हजेरीचा म्हणून एक कागद फिरवला गेला होता. कामगारांनी भराभर सह्या केल्या आणि तो कागद संप मागे घेतल्याचा निघाला. त्या दिवसापासून बाबा कुठेही सही करताना सहीच्या बरोबर वर बारीक अक्षरात एक ओळ लिहितात: ‘वाचून सही केली.’ माझ्या प्रगतिपुस्तकांवर ती ओळ आहे. गॅसच्या पावत्यांवर आहे. कुरियरवाला मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करायला सांगतो तेव्हा ते चिडतात, कारण तिथे ती ओळ मावत नाही. आई सांगते, लग्नाच्या नोंदणीतही यांनी ती लिहिली आणि तिथला क्लार्क म्हणाला, “काय वाचलंत साहेब, वधू?”

पुस्तिकेचं नाव होतं ‘पोलीस, न्यायाधीश आणि आपण’. आमच्या अभ्यास मंडळासाठी मी ती लिहिली होती. आपली कोर्टं, काळे कोट, हवालदार, समन्स हे सगळं इंग्रजांकडून आलं असं आपण म्हणतो, तर मुळात त्यांच्या घरी कोणाचं काम काय आहे हे एकदा नीट बघू, असा माझा बेत होता. तिकडे पोलीस गुन्हा शोधतो आणि माणसाला पकडतो. गंभीर प्रकरणात खटला भरायचा की नाही हे तो ठरवत नाही, सरकारी वकिलांची वेगळी कचेरी ठरवते. न्यायाधीश या दोघांचाही नाही. मोठ्या खटल्यात तर माणूस दोषी आहे की नाही हेसुद्धा तो सांगत नाही. ते रस्त्यावरून उचलून आणावीत तशी बारा साधी माणसं, म्हणजे ज्युरी, ठरवतात, न्यायाधीश त्यांना कायदा समजावतो आणि दोष सिद्ध झाला तर शिक्षा ठरवतो. लहान खटल्यांत पगार न घेणारे, कायद्याची पदवी नसलेले नागरिकच न्यायासनावर बसतात. आरोपीला आधी सांगावं लागतं की तू बोललंच पाहिजे असं नाही, आणि मग तो जे बोलेल ते यंत्रावर ध्वनिमुद्रित होतं आणि कोर्टात वापरता येतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही. हा नियम इंग्रजांनीच केला. स्वतःच्या देशातल्या पोलिसावर त्यांनी भरवसा ठेवला, इथल्या पोलिसावर ठेवला नाही, आणि इथला पोलीस त्यांनीच उभा केलेला होता. म्हणून झडती घेताना, माल जप्त करताना दोन पंच उभे करा असं त्यांनी कायद्यात लिहिलं. परिसरातली, बऱ्या चालीची, कोणाच्या बाजूची नसलेली दोन माणसं. त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि मगच पंचनाम्यावर सही करायची. ज्युरी आपल्याकडेही काही काळ होती, ती गेली. पंच राहिला.

हे सगळं दहाव्या पानापर्यंत होतं. अकराव्यावर मी लिहिलं होतं: ‘पोलीस आणि न्यायाधीश यांच्यामध्ये सामान्य माणसासाठी ठेवलेली एकच खुर्ची आपल्याकडे उरली आहे, ती पंचाची. जो पंच न बघता, न वाचता सही करतो, तो खोटा पुरावा रचणाऱ्याइतकाच गुन्हेगार आहे. त्याला भोळा म्हणू नका.’

हे वाक्य लिहून झाल्यावर मी खूश होऊन खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

मी बाबांना विचारलं, अकरावं पान राहिलं का? ते म्हणाले, राहिलं असेल, ठेव, बघतो. मी ठेवलं. आठवडाभर ते पान टीव्हीखालच्या कपाटावर तसंच होतं. खोपटच्या छापखान्यातून दोनदा फोन आला. मी दोनदा सांगितलं, वडील बघतायत.

रविवारी सकाळी हवालदार आले.

त्यांना मी लहानपणापासून ओळखत होते. बाबा सभेच्या, मोर्च्याच्या, लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी ज्या पोलीस चौकीत जात, तिथे हे होते. चौकीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष त्या एका इमारतीचा होतो. हवालदार आता निवृत्तीला आले होते, केस पांढरे झाले होते. साध्या कपड्यांत आले, आईला वहिनी म्हणाले, चहा घेतला आणि पिशवीतून झेरॉक्स काढून टीपॉयवर ठेवली.

“काका, समन्स मिळालं ना? गुरुवारी आहे. म्हटलं एकदा नजर टाकून घ्या. तीन वर्षं झाली, कोणाच्या लक्षात राहतंय?”

समन्स आलं होतं हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. बाबांनी झेरॉक्स उचलली नाही. मी उचलली.

तो पंचनामा होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून तांब्याच्या वायरची बंडलं चोरीला गेली होती. पोलिसांनी एका टेम्पो ड्रायव्हरला पकडलं होतं. कागद सांगत होता की त्या ड्रायव्हरने पंचांसमोर स्वखुशीने सांगितलं, माल कुठे लपवलाय ते दाखवतो, आणि तो पोलीस व पंच यांच्या पुढे चालत नाल्याकाठच्या पडक्या शेडमागे गेला, आणि झुडपातून त्याने स्वतःच्या हाताने बंडलं काढून दिली. शेडच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं होतं. खाली दोन सह्या होत्या. दुसरी बाबांची होती.

बाबांच्या सहीच्या वर कोरी जागा होती.

मी तो कागद टीपॉयवर ठेवला. आवाज चढवायचा नाही असं मी ठरवलं आणि तो चढलाच. मी विचारलं, बाबा, तुम्ही त्या शेडमागे गेला होता? बाबा हवालदारांकडे बघत होते. हवालदार कपातल्या चहाकडे.

“ताई,” हवालदार म्हणाले, “तुम्ही शिकलेली माणसं. पण पंच मिळवायला कुठे कुठे हात जोडावे लागतात ते तुम्हाला नाही कळायचं. पोलीस दिसला की लोक दुकानाचं शटर ओढतात. काका कधी नाही म्हणाले नाहीत म्हणून त्यांच्याकडे आलो.”

मग त्यांनी शांतपणे परिस्थिती सांगितली. ड्रायव्हर चार महिने कोठडीत काढून जामिनावर सुटलाय. दुसरा पंच भाड्याची खोली सोडून गेलाय, पत्त्यावर सापडत नाही. नुसती कबुली कोर्टात चालत नाही, माल काढून दिला तेवढं चालतं, म्हणून केस आता काकांच्या साक्षीवर उभी आहे. काकांनी फक्त हो म्हणायचं. आरोपीचा वकील दिशा विचारेल, तेवढ्या पाठ करायच्या. आणि नाही म्हणाले, तर सरकारी वकील त्यांना तिथल्या तिथे फितूर जाहीर करतील, आणि उलटतपासणीत विचारतील की खोट्या कागदावर सही का केलीत. “ते काकांना या वयात कशाला? आणि माझे आठ महिने राहिलेत.” हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

ते गेल्यावर बाबांनी मला काय झालं ते सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. तीन वर्षांपूर्वी कामगार दिनाच्या सभेची परवानगी अडली होती. अर्ज पंधरा दिवस चौकीत पडून होता. सभा दोन दिवसांवर आली, पाहुणे ठरलेले, पत्रकं वाटून झालेली. बाबा चौकीत गेले तेव्हा हवालदार म्हणाले, साहेब आत आहेत, आत्ता शिक्का मारून आणतो, तोवर काका इथे एक सही द्या, पंच मिळत नाहीये. कागद लिहून तयार होता. बाबांनी चष्मा काढला होता, तो परत लावला नाही. सही केली. पाच मिनिटांत परवानगी हातात आली.

“ती ओळ लिहायला गेलो,” बाबा म्हणाले. “पेन टेकवलं होतं. मग म्हटलं, वाचलं तर नाहीये.”

म्हणजे तेवढं खोटं त्यांना लिहिता आलं नव्हतं. आणि सही करता आली होती.

मला दया यायला हवी होती. आली नाही. सभेचा विषय मला आठवत होता, पत्रकाची घडी मीच घातली होती. कामगारांचे कायदेशीर हक्क. मी बाबांना सांगितलं की त्या ड्रायव्हरने चार महिने कोठडीत काढले ते तुमच्या पाच मिनिटांसाठी. अजून बरंच बोलले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “झालं का भाषण? टाळ्या वाजवू?” मग तिने ताटं घेतली. कोणी धड जेवलं नाही.

गुरुवारपर्यंत चार दिवस होते. ते काय करणार हे बाबा सांगेनात. मी विचारलं की म्हणत, बघू. सोमवारी मी त्यांना आरोपीच्या वकिलाला आधी भेटा असं सुचवलं. ते म्हणाले, साक्षीदाराने कोणालाच भेटायचं नसतं. मी म्हटलं, मग हवालदार घरी कसे आले? त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मंगळवारी संध्याकाळी झेरॉक्स त्यांच्या हातात दिसली. ओठ हलत होते. मला बघून त्यांनी ती वर्तमानपत्रात सरकवली. मला खात्री पटली की ते दिशा पाठ करतायत.

त्यांना सगळ्यात जास्त काय टोचत होतं ते मला बुधवारी कळलं. आईला ते सांगत होते, तिथे मला फितूर म्हणतील गं. हा शब्द बाबांनी आयुष्यात फार जपून वापरला होता. संप फोडणाऱ्यांसाठी. वागळे इस्टेटच्या एका भिंतीवर त्यांनी तो स्वतःच्या हाताने रंगवला होता, आणि ज्याच्यासाठी रंगवला त्याच्याशी तो मरेपर्यंत बोलले नाहीत. आता खरं बोललं तर कोर्टाच्या कागदावर तो त्यांच्या नावापुढे लागणार होता, आणि खोटं बोललं तर लागणार नव्हता.

गुरुवारी रिक्षाने कल्याणला गेलो. पत्रीपुलाच्या अलीकडे वाहनं अडकली होती. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं. मी सोबत येऊ नये असं त्यांना वाटत होतं. मी आले.

कोर्टाच्या जिन्यावर, व्हरांड्यात, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली होती. प्रत्येक दारापुढे एक घोळका, प्रत्येक घोळक्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. हवालदार आमची वाट बघत होते, आज गणवेशात. त्यांनी बाबांना खांबाआड नेलं. मी चार पावलांवर उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

“पूर्वेला?”

“नाला,” बाबा म्हणाले.

“पश्चिमेला?”

“बंद कंपनीची भिंत.”

“उत्तरेला?”

“मोकळी जागा. बाभळी.”

“झालं. आणि आरोपीला ओळखायचं. निळा शर्ट, दाराजवळ बसलाय. बघून घ्या.”

बाबांनी बघितलं नाही. मी बघितलं. चाळिशीचा माणूस होता, भिंतीला टेकून उकिडवा बसलेला, चपला काढून शेजारी नीट लावलेल्या. कोर्टाच्या दाराबाहेर चपला काढायची गरज नसते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगून पटलं नव्हतं.

आजूबाजूलाही हेच चाललं होतं. शेजारच्या खांबापाशी एक तरुण फौजदार कोणा दुकानदाराकडून रस्त्याचं नाव वदवून घेत होता. कोणी लपवत नव्हतं. साक्षीदाराला त्याची साक्ष आठवून देणं ही इथली रोजची पद्धत होती, शाळेत तोंडी परीक्षेआधी व्हरांड्यात पोरं एकमेकांना विचारतात तशी. माझ्या पुस्तिकेत या व्हरांड्याबद्दल एक ओळ नव्हती. मी इंग्लंडच्या न्यायालयाबद्दल पाच पानं लिहिली होती आणि कल्याणच्या या खांबाबद्दल काही नाही.

पुकारा झाला. आम्ही आत गेलो. मी मागच्या बाकावर बसले.

न्यायाधीश एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा केसांवर सरकवलेला. त्यांच्यापुढे फायलींचा ढीग होता आणि खाली डावीकडे संगणकावर टायपिस्ट. बाबा साक्षीदाराच्या कठड्यात उभे राहिले. देवाची शपथ की सत्यप्रतिज्ञा असं विचारल्यावर बाबांनी नेहमीच्या आवाजात सत्यप्रतिज्ञा म्हटलं. तो आवाज ऐकून मला जरा धीर आला. मग सरकारी वकिलांनी नाव, वय, धंदा विचारला आणि पंचनामा पुढे केला.

“यावरची दुसरी सही तुमची आहे?”

“हो. माझीच.”

“पंचनामा तुमच्यासमोर झाला?”

बाबांनी चष्मा लावला आणि मूळ कागद हातात घेतला. पहिलं पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचायला लागले. सरकारी वकिलांनी घड्याळ बघितलं. पाठीमागे भिंतीशी उभे असलेले हवालदार एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. बाबा शेवटच्या पानावर पोचले आणि सहीच्या वरच्या कोऱ्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला. तिथून त्यांची नजर हलेना. मला ते पुढचं वाक्य दिसत होतं: हो साहेब, माझ्यासमोर झाला. पूर्वेला नाला.

वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. बाबांचा अंगठा तिथेच होता.

न्यायाधीशांनी चष्मा केसांवरून डोळ्यांवर आणला. “आजोबा, काय शोधताय?”

“माझी एक ओळ असते मॅडम. सहीच्या वर. इथे नाहीये.”

“कसली ओळ?”

“वाचून सही केली, अशी. मी सगळीकडे लिहितो.”

“मग इथे का नाही?”

कोर्टात पंखे चालू होते. बाबांनी कागद कठड्यावर ठेवला, चष्मा काढला. “कारण वाचलं नव्हतं. मी तिथे गेलोच नव्हतो. चौकीत सही केली.”

न्यायाधीशांचा चेहरा बदलला नाही. मी तो बदलायची वाट बघत होते. मला वाटलं, आता त्या हवालदारांना पुढे बोलावतील, आता काहीतरी मोठं होईल. त्या सरकारी वकिलांना म्हणाल्या, तुमचं चालू द्या. सरकारी वकील उठले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाले की साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासाची परवानगी मिळावी. परवानगी मिळाली. शब्द उच्चारला गेला. बाबांनी कठड्याची लाकडी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

वकिलांनी विचारलं, आरोपीशी तुमचं संगनमत झालंय म्हणून तुम्ही आज फिरलात, खरं ना? बाबा म्हणाले, आरोपी कोण तेही मी अजून बघितलेलं नाही. वकील म्हणाले, मग सुशिक्षित माणूस असून सही का केलीत? बाबांनी सभेची परवानगी, पंधरा दिवस पडलेला अर्ज, पाच मिनिटांत आलेला शिक्का, सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. न्यायाधीश ऐकत होत्या आणि टायपिस्टला वाक्य सांगत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, “पुढे लिहा. पोलिसांनी मला न वाचता सही करायला लावली.”

“लावली नाही मॅडम,” बाबा म्हणाले.

टायपिस्ट थांबली.

“मागितली. मी दिली.”

मागच्या बाकावर मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, लावली म्हणा. लावलीच. अर्ज पंधरा दिवस अडवून ठेवणं म्हणजे दुसरं काय असतं? पण न्यायाधीशांनी क्षणभर बाबांकडे बघितलं आणि टायपिस्टला म्हणाल्या, “बदला ते. पोलिसांनी मागितली, मी दिली.” बस, एवढंच. माझ्या पुस्तिकेत मी न्यायाधीशाला तराजू म्हटलं होतं, दोन पानं त्यावरच होती. इथे एक बाई एका माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवून घेत होती, आणि त्याने स्वतःवर घेतलेला दोष त्याच्या परवानगीशिवाय कमी करत नव्हती.

आरोपीच्या वकिलाला दिशांचे प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. त्याने एकच विचारलं, म्हणजे तुमच्यासमोर काहीच जप्त झालं नाही? बाबा नाही म्हणाले आणि तो बसला.

साक्ष छापून आली. पट्टेवाल्याने बोट ठेवून दाखवलं, इथे सही करा. बाबांनी खिशातून पेन काढलं, मग पेन ठेवून चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता, दोन वकील येऊन उभे राहिले होते. पट्टेवाला म्हणाला, आजोबा, तुमचंच आहे ते, तुम्हीच बोललात. बाबा वाचत राहिले. न्यायाधीश पुढची फाइल उघडता उघडता म्हणाल्या, वाचू द्या त्यांना. सगळे थांबले. मग बाबांनी बारीक अक्षरात ती ओळ लिहिली आणि खाली सही केली.

व्हरांड्यात तो ड्रायव्हर चपला हातात घेऊन पुढे आला आणि वाकला. बाबा मागे सरकले.

“असं करू नका. मी तुमच्या बाजूने बोललो नाही. तुम्ही चोरी केली की नाही, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो, तेवढंच मला माहीत होतं.”

तो माणूस तसाच अर्धवट वाकलेला राहिला. नंतर सुटला, काही आठवड्यांनी. तांबं कोणी चोरलं ते आजही कोणाला माहीत नाही. शक्य आहे, त्यानेच चोरलं असेल. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी खरोखर त्या शेडमागे गेलं असतं, तर कदाचित कळलं असतं.

हवालदार जिन्याशी उभे होते. आम्ही जवळून गेलो तेव्हा ते बाबांना म्हणाले, “काका, तुम्ही स्वतःवर घेतलंत. नसतं घेतलं तरी चाललं असतं, माझी चौकशी तशीही लागणारच.” आवाजात राग होता की अजून काही, मला कळलं नाही. बाबा म्हणाले, चौकशीला मला बोलवा, येईन. हवालदार हसले. “आता तुम्हाला कोण बोलावतंय.”

त्या संध्याकाळी बाबांनी अकरावं पान मागून घेतलं. ‘न्यायाधीश’ दोन्हीकडे दुरुस्त केला. दोनदा आलेली ओळ काढली. माझ्या त्या वाक्यापाशी पेन थांबलं. मी म्हटलं, बाबा, मी ते काढतेय. खरंच काढणार होते.

“राहू दे. बरोबर आहे ते,” ते म्हणाले. “फक्त खाली एक टीप टाक. की हे लिहिणारीच्या वडिलांनी अशी सही केली आहे.”

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. घरात आजवर हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

बाबांनी पान माझ्याकडे सरकवलं. टीप कुठे यायला हवी तिथे त्यांनी लाल पेनाने फुली मारली होती. नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, तेही तिथेच लिही म्हणाले, म्हणजे लोकांना वाटायला नको की पंच आता झोपला तरी चालतं.

टीप टाकून पुस्तिका खोपटहून छापून आली. प्रकाशनाच्या सभेच्या परवानगीचा अर्ज घेऊन बाबा आणि मी त्याच चौकीत गेलो. हवालदारांनी तो घेतला, पोच दिली. त्याला आज सव्वीस दिवस झाले. बाबा दर सोमवारी जातात, बाकावर बसतात, विचारतात आणि परत येतात. गेल्या सोमवारी मी विचारलं, कोणी काही मागितलं का? ते म्हणाले, नाही. चपला काढताना पुढे म्हणाले, पण चष्मा मी लावूनच बसतो.